भिवटोल्याला एकच पिशवी

“एकच? परत एकच पिशवी पाठवली तुम्ही?”

फोन उचलल्याबरोबर हे कानावर आदळलं. मी अजून हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं. आमच्या ऑफिसात टेबलावरचा फोन कधी वाजतच नसे, सगळं मेसेजवर चालायचं. रिसेप्शनवरची बाई रजेवर होती, जाताना तिनं फोन कुठे वळवून ठेवला होता देव जाणे, तो नेमका माझ्या केबिनमध्ये वाजला.

“कोण बोलतंय?”

“भिवटोल्याहून कुमरे सिस्टर बोलून राहिली. रक्तवाले ना तुम्ही, नागपूरचे?”

“रक्तवाले नाही हो. आम्ही फक्त आकडे काढतो.”

“मग आकडेवालेच पाहिजेत मले. डॉक्टर मॅडमनं नंबर दिला तुमचा. मागच्या हप्त्यात दोन्ही गाड्यांना एकएक पिशवी. या मंगळवारी बी एकच. ती बाळंतिणीला लावली, नाहीतर ती बाई गेली असती. आता माझ्या वॉर्डात सिकलसेलची पोरगी पडून आहे, दुर्गी. नऊ वर्षांची आहे. अंगात रक्त नाही तिच्या, उठून बसवत नाही पोरीले. तिले काय लावू? सलाईन पाजू?”

“सिस्टर, तो भाग माझ्याकडे नाही. मी सुरुवातीचं—”

“मग कोणाकडे आहे?”

आता काय सांगावं? मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे नावं माहीत होती. कोण नेमकं काय करतं, ते माहीत नव्हतं.

“हे पाहा मॅडम,” तिचा आवाज खाली आला. तो जास्त वाईट वाटला मला. “आज शुक्रवार. तुमची गाडी चारला नागपूरहून निघते. तिच्यात आमच्या पिशव्या आल्या तर मी रात्रीच लावते. नाही आल्या, तर मग मंगळवार. मंगळवारपर्यंत पोरगी राहते का नाही, ते मले सांगता येत नाही. तुमच्या मशीनले विचारून पाहा.”

फोन ठेवला तिनं. मी हातात रिसीव्हर धरून बसले. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

आमचं काम असं होतं. विदर्भातल्या लहानसहान दवाखान्यांना रक्त पुरवणारी एक संस्था होती. कुठल्या केंद्राला पुढच्या गाडीत किती पिशव्या लागतील, याचा अंदाज आमची कंपनी काढून द्यायची. मागितल्या म्हणून मिळत नसत. सगळेच जास्त मागतात, असं ठरून गेलं होतं. आमचं संगणकाचं मॉडेल, म्हणजे अंदाजाचं गणित, सांगेल तेवढ्या पिशव्या गाडीत चढायच्या. काम तिघांत वाटलेलं. केंद्रांकडून आलेले आकडे नीट करायचे ते मी, प्रज्वला चोपकर. त्यावरून अंदाज काढणारा सारंग भुसारी. आणि अंदाजावरून गाडीचा प्लॅन लावणारा नीलकंठ गेडाम, चार महिन्यांपूर्वी आलेला.

तीन केबिनी, मध्ये काच, काचेवर अर्ध्यापर्यंत पांढरा कागद चिकटवलेला. तीन वर्षं मी भुसारीचा भांग बघत होते. तोंड क्वचितच दिसायचं. भिंतीवर एक मोठा बोर्ड होता, त्यावर दर सोमवारी आमची नावं वरखाली व्हायची. कोणाच्या भागामुळे अंदाज किती सुधारला, त्याचे गुण. ही आमच्या साहेबांची, चिंचोळकर सरांची कल्पना. “ज्याचं त्यानं बघावं,” हे त्यांचं आवडतं वाक्य. भुसारी कायम वर. मी मध्ये. गेडाम आल्यापासून खालचा प्रश्नच मिटला होता.

बोर्डापायी कोणी कोणाला काही सांगत नसे. मला एखादी युक्ती सुचली की मी ती गुपचूप आत घालून टाकायची. भुसारीही तेच करत असणार, पण विचारायला जाणार कोण? दिवस दिवस मी एक शब्द बोलायची नाही. संध्याकाळी मानेवाड्याला घरी पोचून तोंड उघडलं की घसा खरवडायचा. आई म्हणायची, “काय गं, मौनव्रत घेऊन बसतेस का तिथे?” मला हसू यायचं नाही. ऑफिसात पाय सतत हलत राहायचा, अर्ध्या अर्ध्या तासानं पाण्याची बाटली भरायला उठायची, बाटली भरलेली असली तरी.

त्या दिवशी मी आधी नेहमीचंच केलं. गेडामला मेसेज टाकला, ‘भिवटोल्याला एकच पिशवी का?’

त्याचं उत्तर आलं, ‘अंदाजात जे आलं ते.’

भुसारीला टाकला. ‘तुझ्याकडून जे येतं त्यावरच अंदाज आहे.’

म्हणजे फिरून माझ्याकडेच. मी माझं पहिल्यापासून तपासलं. भिवटोल्याचे आकडे आले तसेच पुढे गेले होते, एकाचाही फरक नाही. माझं बरोबर. भुसारीचं बरोबर. गेडामचं बरोबर. आणि तिकडे दुर्गीला रक्त नाही! डोकं सणकलं माझं.

बाराच्या सुमारास चिंचोळकर सर बाहेर आले आणि त्यांनी टाळी वाजवली. टाळी वाजवली की तिघांनी कानांवरचे हेडफोन काढून उभं राहायचं.

“संस्थेकडून तक्रार आलीये. तिथल्या प्रमुख डॉक्टर आगलावे स्वतः बोलल्या. एका केंद्राला रक्त कमी पडतंय आणि तिकडे दुसऱ्या केंद्रांत पिशव्या मुदत संपून फेकून द्याव्या लागल्यात. फेकून! सोमवारी त्या इथे येणार आहेत. काय बिघडलंय आणि कोणी बिघडवलंय, मला सांगायचंय त्यांना. एक नाव पाहिजे.”

“सर, आजची गाडी—” मी म्हटलं.

“आजचा प्लॅन आहे तसा जाईल. बदल करायचा तर माझी मंजुरी लागेल. आणि नाव कळल्याशिवाय मी मंजुरी देणार नाही. आधीच तोंडघशी पडलोय, आणखी कशावर सही करू?” मग ते गेडामकडे वळले. “गेडाम, तू यायच्या आधी असं होत नव्हतं.”

सहा महिने व्हायचे होते गेडामला, तोवर नोकरी पक्की नव्हती. सर आत गेले. आम्ही तिघं तीन केबिनींत शिरलो. भुसारीनं हेडफोन परत चढवला.

मी बसले, उठले. बाटली भरून आणली. परत बसले. ‘सलाईन पाजू?’ हे वाक्य काही केल्या कानातून जाईना. शेवटी उठले आणि गेडामच्या काचेवर टकटक केली. तीन वर्षांत मी कोणाच्या केबिनचं दार वाजवलं नव्हतं. तोही असा दचकला की बस्स. मला बघितल्याबरोबर लॅपटॉपचं झाकण लावलं त्यानं.

“झाकतोस काय? खाऊन टाकणार आहे का मी?”

“नाही मॅडम. काम सुरू होतं.”

“काम सुरू असलं की झाकण लावतात? उघड. मला बघायचंय.”

“तुम्ही तुमचं दाखवता का आधी?” आवाज मवाळच होता त्याचा, पण हात झाकणावरून हलला नाही. “नाव पाहिजे सरांना. मी उघडलं, तुम्हाला त्यात एक चूक दिसली, मग? माझ्या घरी कमावणारा मी एकटा आहे.”

खरं सांगते, मला राग आला. आणि मग लक्षात आलं की तो बोलला त्यात चूक काय आहे? मीही माझं उघडलं नसतं. मी गेले, माझा लॅपटॉप उचलून आणला आणि त्याच्या टेबलावर आपटला.

“घे. उघडा आहे. एक पोरगी मरायला टेकलीये तिकडे.” सिस्टरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं त्याला. दुर्गीचं वय सांगितलं तेव्हा त्यानं मान वर केली.

“आमच्याकडे अशी पोरं आहेत,” तो म्हणाला. “माझी चुलतबहीण होती.” आणि झाकण उघडलं. “पण मॅडम, दोघांचं बघून भागणार नाही. मधला भाग त्यांच्याकडे आहे.”

भुसारीच्या केबिनमध्ये आम्ही दोघं एकदम शिरलो. त्यानं हेडफोन एका बाजूनं सरकवला. जवळून बघितलं तर डोळ्यांखाली काळं होतं त्याच्या, नखं कुरतडलेली. बोर्डावर वर असणारा माणूस सुखात असेल, असं मी धरून चालले होते.

“भुसारी, तिघांनी एकत्र बसून बघायचं. आत्ता.”

“ज्याचं त्यानं बघावं,” तो म्हणाला.

“सरांचं वाक्य मला ऐकवू नकोस हं! तुझं तू बघितलंस, माझं मी बघितलं, ह्याचं ह्यानं बघितलं. सगळं बरोबर आहे ना? मग पिशवी एकच का जाते?”

“माझ्या मॉडेलमध्ये काही गोष्टी आहेत,” तो पुटपुटला, “त्या मी कोणाला दाखवल्या नाहीत.”

“म्हणजे युक्त्या आहेत.”

त्यानं अंगठ्याचं नख दातांत धरलं.

“माझ्याही आहेत. चल. तुझी युक्ती चोरून मी बोर्डावर चढणार नाही, आईची शपथ.”

तो उठला, पण उठताना माझ्याकडे बघितलं नाही.

बसायला जागा एकच होती, डबा खायचं टेबल. तिथेही आम्ही एकत्र कधी खाल्लं नव्हतं, वेळा वेगवेगळ्या. टेबलावर कोणाच्या तरी चिवड्याचा चुरा पडला होता. तिघांचे लॅपटॉप मांडले आणि तिघंही आपापल्या पडद्याकडे बघत बसलो. वर्षानुवर्षांची सवय!

“असं नाही जमणार,” गेडाम म्हणाला. “आमचे बाबा मास्तर होते शाळेत. गणित तपासताना ते वह्या बदलायला लावायचे. आपलं आपण मनात वाचलं की आपल्याला वाटतं तेच वाचतो, म्हणायचे. ज्याचं आहे त्यानं मोठ्यानं सांगायचं, पण हात दुसऱ्याचा. मॅडम, तुम्ही सांगा. मी तुमचा कोड पुढे सरकवतो. भुसारी सर ऐकतील. तुम्ही सांगता ते पडद्यावर दिसलं नाही, तर मी थांबवणार.”

“एकेक ओळ?”

“एकेक ओळ. मराठीत सांगा. आईला सांगावं तसं.”

माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्याचा हात! पण घड्याळ पुढे चाललं होतं, म्हणून सुरुवात केली. आधी त-त-प-प झालं. आपण काय करतो ते तीन वर्षांत कोणाला शब्दांत सांगितलंच नव्हतं. भुसारी दर दोन ओळींनी ‘का?’ विचारायचा आणि मला त्याच्या डोक्यात बाटली घालावीशी वाटायची. गेडामनं दोनदा थांबवलं. दोन्ही वेळा त्याला नीट समजलं नव्हतं, चूक काही नव्हती. अशीच दुपार सरत होती. जेवण राहिलं. तीन वाजत आले.

“पुढे सांग,” भुसारी म्हणाला.

“प्रत्येक केंद्रानं रोज संध्याकाळी आकडा पाठवायचा असतो. आज किती पिशव्या लागल्या आणि किती पेशंट रक्ताची वाट बघताहेत. बरीच केंद्रं उशिरा पाठवतात. रेंज नसते, माणूस नसतो. कोणी आठवड्याचं एकदम पाठवतं. म्हणून शेवटच्या काही दिवसांचा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून मी...”

इथे मी अडखळले. हीच माझी युक्ती होती. दोन वर्षं जपलेली.

“म्हणून काय?” गेडामनं विचारलं.

“म्हणून मी तो वाढवते. ज्या केंद्राला जेवढी उशिराची सवय, तेवढा जास्त वाढवते. मगच पुढे पाठवते.”

भुसारीनं गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तोंड उतरलं होतं त्याचं.

“काय करतेस? परत सांग.”

“वाढवते. पुढे उशिरा का होईना, ते आकडे येणारच असतात ना? म्हणून—”

“ते कळलं मला!” तो ओरडला. मी त्याचा मोठा आवाज पहिल्यांदा ऐकला. “चोपकर, मीपण वाढवतो. हेच. उशिराची सवय बघून.”

“काय?”

“माझी सगळ्यात भारी युक्ती आहे ती. त्याच्यावर तर मी बोर्डावर वर गेलो.”

आणि गेडाम हसायला लागला. रडवेलं हसू होतं ते, दोन्ही हात डोक्याला लावून.

“मॅडम, मी पण,” तो म्हणाला. “मी आल्या आल्या पाहिलं, केंद्रं उशिरा आकडे देतात. म्हटलं, यांच्या लक्षात आलं नसेल. प्लॅनमध्ये वाढ टाकून दिली. म्हटलं, गुण मिळतील, नोकरी पक्की होईल.”

“तिघं!” मी म्हटलं. “अरे देवा, तिघं! एकाच भाजीत तिघांनी मीठ घातलं आणि कोणी कोणाला बोललं नाही!”

बोर्डाच्या गुणांसाठी प्रत्येकाचा भाग वेगळा तपासला जायचा. वेगळा तपासला की तिघंही बरोबर. माझी आणि भुसारीची वाढ होती तोवर कसंबसं निभावलं असेल. तिसरी पडली आणि सगळं कोलमडलं. जिथे दहा लागणार तिथे पंचवीस-तीस पिशव्या जात होत्या आणि फ्रीजमध्ये पडून मुदत संपत होती.

“पण मग कमी का पडतं?” गेडाम एकदम गंभीर झाला. “सगळीकडेच जास्त जायला पाहिजे.”

“रक्त काय झाडाला लागतं?” भुसारी म्हणाला. “नागपुरात जेवढं जमतं तेवढंच वाटायचं. एकीकडे जास्त गेलं की दुसरीकडचं कमी होणार. ज्याचा आकडा वाढत नाही, त्याचं जाणार.”

“कोणाचा वाढत नाही?”

जे केंद्र उशीर करत नाही, त्याचा वाढत नव्हता. गेडामनं माझ्या लॅपटॉपवर केंद्रांच्या वेळा काढल्या. पडदाभर रेषा वाकड्यातिकड्या, दोन दिवस, पाच दिवस, आठ दिवस उशीर. एकच रेषा सरळ होती. रोज संध्याकाळी सहाच्या आत, एका दिवसाचा खाडा नाही.

“भिवटोला,” त्यानं वाचलं.

मला तिथे रडू फुटलं. ऑफिसात, दोन पुरुषांसमोर, चिवड्याच्या चुऱ्यात कोपर टेकून मी रडले. त्या बाईनं रोजचं काम रोज केलं आणि आम्ही त्याची ही शिक्षा दिली होती तिला. तिला नाही, त्या पोरीला. भुसारीनं पाण्याची बाटली पुढे सरकवली, माझीच.

“रड नंतर,” तो म्हणाला. “साडेतीन होतील आता. वाढ एकच ठेवायची. बाकीच्या दोन काढायच्या. कोणाची ठेवायची?”

“माझी सगळ्यात आधी आहे. ती राहिली तर पुढचं सगळं सरळ होईल,” मी म्हटलं.

गेडामनं लगेच मान डोलावली. भुसारीनं आपला लॅपटॉप जवळ ओढला, कीबोर्डवर बोटं ठेवली आणि तसाच थांबला. त्याची वरची जागा होती ती. मला माहीत होतं, मी काही म्हटलं असतं तर तो बिथरला असता. मग त्यानं लॅपटॉप गेडामपुढे सरकवला.

“तू काढ. माझ्या हातून निघणार नाही.”

गेडामनं भुसारीची काढली. भुसारीनं गेडामची काढली. नवा प्लॅन निघाला. भिवटोला, सहा पिशव्या.

आम्ही सरांच्या केबिनमध्ये जवळजवळ धावतच गेलो. मी भराभर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

“म्हणजे चूक कोणाची?”

“सर, तसं नाही. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर—”

“हे मी डॉक्टर आगलावेंना सांगू? सगळे बरोबर होते म्हणून रक्त फेकलं? मला एक नाव दे, चोपकर. लगेच मंजूर करतो.” त्यांनी गेडामकडे बघितलं. “तिसरी वाढ ह्याची ना? हा आल्यापासूनच बिघडलं.”

मी मागे वळून बघितलं. गेडाम जमिनीकडे बघत होता. भुसारी खिडकीबाहेर. पाच-दहा मिनिटं उरली होती आणि हे दोघं मिठाची गुळणी धरून उभे! फार थोर काहीतरी करायचं म्हणून मी बोलले नाही, एवढं आजही सांगते. मला उभं राहवत नव्हतं, इतकंच.

“चोपकर लिहा.”

“तू?”

“पहिली वाढ माझी. मी कोणाला सांगितलं नाही. लिहा सर, आणि मंजूर करा, गाडी निघते आहे.”

त्यांनी लिहिलं. मग मंजुरी दिली. गाडी सुटल्याचा मेसेज आला तेव्हा मी माझ्या केबिनमध्ये होते आणि दार लावून घेतलं होतं. दोघांपैकी कोणीतरी काचेवर टकटक केली. मी उघडलं नाही. गेले खड्ड्यात, म्हटलं.

शनिवार-रविवार कसे काढले ते माझं मला माहीत. भिवटोल्याचा नंबर माझ्याकडे होता. दहादा हातात फोन घेतला, दहादा ठेवला. सिस्टरनं ‘उशीर झाला’ म्हटलं तर? आई म्हणाली, “दोन दिवस झाले, घरभर चकरा मारून राहिलीस, झालंय काय?” मी तिच्यावर खेकसले.

सोमवारी डॉक्टर आगलावे आल्या. साठीच्या आसपास, कॉटनची साडी, पायांत साधी चप्पल. मीटिंगच्या खोलीत चिंचोळकर सर बोलत होते. चूक सापडली आहे, चूक आकडे नीट करणाऱ्या भागात होती, योग्य ती कारवाई होईल. मी टेबलाच्या कडेला नखानं ओरखडे काढत बसले होते. नोकरी गेली, हे मनात पक्कं केलं होतं.

“हे खरं नाही,” भुसारी म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो उभा राहिला होता. हात त्यानं पाठीमागे घेतले.

“मॅडम, मी भुसारी. तीच वाढ माझ्यातही होती आणि मी ती मुद्दाम लपवली. बोर्डावर वर राहायचं होतं मला. शुक्रवारी मी बोललो नाही.”

“माझ्यातही होती,” गेडाम बसल्या जागेवरून म्हणाला आणि मग आपणही उभं राहून बोलावं असं त्याला वाटलं असावं, तोही उठला. “आणि मी पण बोललो नाही. घाबरलो होतो.”

“घाबरलो होतो,” भुसारीही म्हणाला.

माझा दोन दिवसांचा राग कुठल्या कुठे गेला. मीही तीन वर्षं घाबरलेलीच होते की! काचेच्या अलीकडे मी, पलीकडे हे. एकच युक्ती तिघांनी लपवली, आणि भीतीही एकच. उगीच नाही तीन-तीन वेळा वाढली.

“मग मॅडम, नाव कोणाचं धरायचं?” सरांनी विचारलं.

“नावाचं काय करू मी?” डॉक्टर आगलावे म्हणाल्या. “नावानं रक्त पोचतं का?” त्यांनी पर्समधून फोन काढला. “भिवटोल्याला तुमच्यापैकी कोणी फोन केला? नाही ना? आता करा. जे झालं ते तुम्हीच सांगा तिला.” नंबर लावून त्यांनी फोन आवाज मोठा करून टेबलाच्या मध्ये ठेवला.

“हॅलो?” कुमरे सिस्टर.

“सिस्टर,” मी म्हटलं. “शुक्रवारी मी फोन उचलला होता. दुर्गी...?”

“आहे. गाडी रात्री आली, रात्रीच लावलं तिले. काल पेज प्याली. आज माझ्यावर खेकसून राहिली, घरी सोड म्हणते.”

मी खुर्चीत मागे टेकले. तेव्हा कळलं, सकाळपासून टेकलेच नव्हते.

मग भुसारीनं सांगितलं सगळं. सोपं करून, एकेक पायरी. तिकडून कुठेतरी भांडं घासल्याचा आवाज येत होता.

“म्हणजे,” सिस्टर सावकाश म्हणाली, “मी रोजच्या रोज पाठवत होती, म्हणून मले कमी येत होतं?”

“हो,” भुसारी म्हणाला.

“अन् मी बाकीच्यांवानी आठ-आठ दिवस थांबली असती, तर पोरीले रक्त भेटलं असतं?”

मला वाटलं, आता तो काहीतरी गोलमोल बोलेल. आमच्या धंद्यात असले शब्द पुष्कळ असतात.

“मिळालं असतं, सिस्टर,” तो म्हणाला. “आमच्यामुळे मिळालं नाही.”

“इथं रेंज नसते,” ती म्हणाली. “पाण्याच्या टाकीवर चढावं लागते मले. रोज चढते मी. गुडघे दुखतात तरी चढते.” मग तिनं विचारलं, “आता कोण पाहते?”

“तिघं पाहतो,” गेडाम म्हणाला. “एका टेबलावर बसून. एकमेकांचं मोठ्यानं वाचतो.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग चढते आज बी,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

नंतर बरंच काही झालं. बोर्ड निघाला, सर दुसऱ्या कंपनीत गेले, आम्ही तिघांनी पुढे बरीच वर्षं एकत्र काम केलं आणि भांडलोही कडाकडा. पण मला ती सोमवारची संध्याकाळ सोडत नाही. कोणी घरी गेलं नाही. डब्याच्या टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता आणि तिघंही त्याच्याकडे बघत होतो. सहाला काही मिनिटं कमी असताना भिवटोल्याची ओळ उमटली.

“वाच,” मी म्हटलं.

“भिवटोला,” भुसारीनं मोठ्यानं वाचलं. “आज लागलेल्या पिशव्या, एक. रक्ताची वाट बघणारे पेशंट, एकही नाही.”

त्या आकड्याला आम्ही कोणीच हात लावला नाही.